मुळं माझ्याकडे, शेंगा तिच्याकडे

घेवड्याचं बी लावलं मी. दिंडोशीच्या आमच्या कॉलनीत तळमजल्यावाल्यांच्या खिडकीखाली जी वीतभर माती असते ना, तिच्यात. तांदळाचं धुवण घातलं मी, माशांचं पाणी घातलं मी, मावा पडला तेव्हा राख मारली मी. आणि तो मेला वेल माझ्या खिडकीला पाठ दाखवून सरळ पहिल्या मजल्यावर शकूच्या ग्रिलला जाऊन लगडला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

शकू माझी धाकटी जाऊ. दीर गेल्यापासून वर एकटीच असते. मूलबाळ नाही. मी नोकरीला जायचे म्हणून माझी निधी तिच्याच मांडीवर वाढली, आणि अजून त्या पोरीला काही झालं की ती आधी जिना चढते, मग मला सांगते. हे मला कधीच सोसलेलं नाही. खोटं कशाला बोलू?

आमच्या ह्यांनी मला समजावून सांगितलं की ऊन वर आहे म्हणून वेल वर गेला, झाडाला माणसं कळत नाहीत. मी म्हटलं, तुम्ही पण तिचीच बाजू घ्या.

मार्गशीर्षात तर शेंगांचा नुसता पूर आला. रोज सकाळी शकू दोरीला पिशवी बांधून माझ्या खिडकीसमोर सोडायची. निम्म्या शेंगा, त्याही निवडून कोवळ्या. माझ्याच वेलाच्या शेंगा मला वरून भिक्षा घातल्यासारख्या यायच्या. घेत नव्हते असं नाही. पण अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्याच दिवसांत निधीचं कॅनडाला शिकायला जायचं ठरलं. निघायचं जानेवारीत, ऐन बर्फात. तिकडच्या थंडीत ताज्या भाजीचे वांधे असतात म्हणे, तेव्हा मला सुकवलेला घेवडा करून दे, असं ती म्हणाली. कोणाला? तर जिन्यात उभी राहून, मान वर करून, काकूला. मी दाराआडच होते. शकू वरून म्हणाली, आई पण करेल की. करेल की! जसा काही मला तिचा हुकूम हवा होता. मग काय, मीही शेंगा सुकवायला घेतल्याच.

आम्ही मालवणकडचे. आमची रीत साधी. शेंगांच्या शिरा काढायच्या, मिठाच्या पाण्यात एक उकळी द्यायची, निथळून उन्हात टाकायच्या. शकू घाटावरची. ती उकळलेल्या शेंगा रात्रभर हिंग-मीठ घातलेल्या ताकात ठेवते आणि मग वाळवते. ताकाने शेंग बिघडते, असं मी तिला ती लग्न होऊन आली तेव्हाच सुनावलं होतं. आणि माझीच पोरगी लहानपणापासून त्या ताकातल्या शेंगा मिटक्या मारत खाते.

वाळवण घालायचं गच्चीवर. पण शेजारी नवा टॉवर उठल्यापासून आमच्या गच्चीला ऊन म्हणजे पाण्याच्या टाकीजवळचा एक पट्टा. तो मी सकाळी सकाळीच माझी चादर अंथरून अडवला. शकू आली, तिने पाहिलं, आणि आपल्या शेंगा परत नेऊन घरच्या ग्रिलमध्ये पसरल्या. तिथे ऊन आहेच तिला. तिचं कधी काही अडतच नाही.

निधी निघायची त्या दुपारी माझ्या शेंगा अजून गच्चीवर शेवटचं ऊन खात होत्या. त्या काढायला वर गेले आणि वाकून पाहते तर जिन्यातून शकू आमच्या घराकडे उतरतेय, हातात झिपची पिशवी. उन्हातून काढलेलं वाळवण रात्रभर गार होऊ द्यावं आणि मगच भरावं, नाहीतर त्याला घाम सुटतो, हे अख्ख्या बिल्डिंगला मी शिकवलंय. पण तोवर तिची पिशवी बॅगेत गेली असती ना. मी तापलेल्या शेंगा तशाच एका झिपच्या पिशवीत कोंबल्या, उरलेल्या बरणीत भरल्या आणि धावत खाली आले.

निधीने बॅग काट्यावर ठेवली, मान हलवली, एकच पिशवी जाईल म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं. एवढी केस पिकलेली बाई मी, शाळेतल्या पोरीसारखी उभी.

"आईची नेते," निधी म्हणाली.

गो बाय माझी! मी दही-साखर आणायला आत गेले तेव्हा पाय जमिनीला लागत नव्हते. बाहेर येईपर्यंत निधी दारात बूट घालत होती आणि शकूने बॅगेवर बसून चेन लावून दिली होती. तिने निधीला कुरवाळलं, आपली पिशवी पदराखाली झाकली आणि वर निघून गेली. लाजली असेल असं मला वाटलं, आणि बरं वाटलं.

महिन्याभराने मी घरची बरणी उघडली. आत नुसती बुरशी. वास असा की ह्यांनी पंखा लावला. मग मला घामच फुटला. म्हणजे निधीकडे गेल्या त्याही अशाच. परक्या मुलखात पोरीने माझी पिशवी उघडली असणार, नाक दाबून फेकली असणार, आणि आईला वाईट वाटेल म्हणून गप्प बसली असणार. रोज फोनवर बोलायचो, पण शेंगांचं नाव काढायची माझी हिंमत होईना.

एका सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. आमच्या घरात रेंज फक्त खिडकीत, आणि खिडकीतलं सगळं वर शकूला ऐकू जातं. निधीने ताट दाखवलं. भात, आमटी, आणि घेवड्याची भाजी.

"आई, शेंगा झकास झाल्यात गं. तू ताक कधीपासून घालायला लागलीस?"

मला एकदम तो पदर आठवला. आतून थेंब धरलेली माझी पिशवी शकूने पाहिली असणार. बॅगेत राहिली ती तिची, पदराखालून गेली ती माझी. आणि इतके दिवस ही बया तोंडातून अवाक्षर काढत नाही! बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. पोरीच्या तोंडात नाव माझं आणि चव तिची. जन्मात एवढी जळले नव्हते मी.

"यंदापासून," मी म्हटलं.

फोन ठेवला तेवढ्यात पिशवी खाली आली. रोजच्यासारख्या शेंगा, आणि त्यांच्यावर एक झाकणाचा स्टीलचा डबा. उघडला. ताक. हिंग-मीठ घातलेलं.

मी मान वर केली नाही. शेंगा आत नेल्या, शिरा काढल्या, उकळल्या आणि ते सगळं ताक त्यांच्यावर ओतलं. डबा घासून पुसला. कुणाचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून तळाशी मूठभर साखर घातली आणि पिशवीत ठेवला. मग दोरीला हिसका दिला. जरा जोरातच.