भिंतीवर मास्तरीण नाही

हॅवरकॅम्प बाईंचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा, हे ओहायोतल्या त्या नदीकाठच्या गावात पोराटोरांनाही ठाऊक होतं. पण त्या दिवशी हेडमास्तर ड्रेसलरने त्यांच्या तळपायाची आग मस्तकात नेली.

"बाई, तिसऱ्यांदा जाहिरात दिली. लॅटिन शिकवायला एक माणूस अर्ज करत नाही. तुम्ही निवृत्त झालात की वर्ग बंद."

"फुटबॉलला प्रशिक्षक हवा होता तेव्हा रांग लागली होती वाटतं?"

"तुमच्या विषयाला रांग लावा, मी कुठे नको म्हणतोय? गावातलं एक पोर जरी म्हणालं, की शिकून इथेच शिकवायला परत येतो, तर मी शाळेच्या बोर्डाला गप्प करतो. तोवर तुम्ही गाडा ओढा."

ओढा म्हणे. गुडघे झिजले होते बाईंचे, याचे नव्हते. पण खोलीची किल्ली कुणाच्या तरी हातात दिल्याशिवाय घरी बसायचं नाही, हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. "आणते पोर," असं म्हणून त्या दार आपटून बाहेर पडल्या.

मार्च महिना होता. या दिवसांत देशभरचे लॅटिन शिक्षक एक दिवस राखून ठेवतात आणि मुलांना सांगतात, बाबांनो, आमच्यासारखे व्हा. गणिताच्या मास्तरांवर ही वेळ येत नाही. बाईंच्या शाळेत त्या दिवशी बारावीची मुलं अंगाला चादरी गुंडाळून रोमन व्हायची आणि सहावीच्या वर्गाला शिकवायची.

या वर्षी कोरीन वेंडलिंग उभी राहिली. फुलाफुलांची चादर, खाली धावायचे बूट. मागच्या बाकावरचा एक कार्टा खिदळत होता, त्याला तिने सरळ टेबलावर चढवून सिनेटर केलं आणि बाकीच्यांना त्याच्याविरुद्ध लॅटिनमधून तक्रारी मांडायला लावल्या. पोरांनी नुसता कल्ला केला. जेवणाची घंटा झाली तरी कुणी उठेना, आणि त्या दिवशी तर पिझ्झा होता.

बाईंनी तिला तिथेच धरलं. "कोरीन, तू मास्तरीण हो. इथे ये परत."

"मला तेच व्हायचंय, मॅजिस्ट्रा." मॅजिस्ट्रा म्हणजे लॅटिनमधली मास्तरीण; वर्गात बाईंना सगळे असंच म्हणत. "पण आई ऐकत नाही. तिच्यासारखी डेंटिस्ट हो म्हणते. तुम्ही बोला ना तिच्याशी."

"बोलते की. पॉलाला मीच शिकवलंय. माझा शब्द खाली पडू द्यायची नाही ती."

शाळा सुटल्यावर पॉला वेंडलिंग दवाखान्याच्या कोटातच आली. कोरीन तिच्या मागे दारात थांबली, चादर अजून अंगावरच. बाईंनी खुर्ची पुढे केली, पण पॉला बसली नाही.

"हॅवरकॅम्प बाई, माझ्या मुलीच्या डोक्यात हे कुणी भरवलं?"

"भरवायला कशाला लागतंय? हाडातच आहे तिच्या. तू आज तिला बघायला हवं होतंस."

"म्हणजे तुमचा वर्ग वाचवायला माझी पोर हवी."

"हो, हवी," बाईंचाही आवाज चढला. "कुणाची तरी पोर लागणारच ना? का सगळ्यांनी शिकायचं आणि पुढच्यांना शिकवायची वेळ आली की हात झटकायचे?"

पॉला फळ्याशेजारच्या भिंतीपाशी गेली. तिथे बाईंच्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोटो होते आणि वर ठसठशीत अक्षरं: 'लॅटिनने यांना कुठे नेलं बघा!' न्यायाधीश, हृदयाचा डॉक्टर, बँकवाला, आणि मधोमध पांढऱ्या कोटातली पॉला.

"यातला शिक्षक कोणता, तो दाखवा," पॉला म्हणाली.

बाईंनी एकेक चेहरा पाहिला; शिक्षक एकही नव्हता. हे फोटो त्यांनीच एकेक करून, कौतुकाने लावले होते. पालकसभेत हीच भिंत दाखवून त्या वर्ग भरत आल्या होत्या.

"मी विचारलं होतं तुम्हाला," पॉला म्हणाली. "याच खोलीत. म्हटलं, मॅजिस्ट्रा, मला तुमच्यासारखं व्हायचंय. तुम्ही हसलात. म्हणालात, एवढं डोकं घेऊन इथे काय सडतेस? हे काम कुणीही करील, तू डॉक्टर हो."

"मी असं म्हणाले?"

"आठवतसुद्धा नाही तुम्हाला." पॉलाचा आवाज फाटला. "माझं आख्खं आयुष्य त्या वाक्यावर फिरलं, आणि तुम्हाला आठवत नाही. कुणीही करील म्हणालात ना? मग बोलवा त्या कुणाला तरी. कोरीनचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे."

बाईंना आठवत नव्हतं, पण ते वाक्य आपलंच, हे त्यांना कळलं. एकट्या पॉलाला थोडंच म्हटलं असेल! हुशार पोर दिसलं की याच तोंडाने त्याला दाराबाहेर काढलं, आणि वर बोंब मारली की कुणी येत नाही. ड्रेसलरवर, बोर्डावर, फुटबॉलवर काढलेला सगळा राग उलटा फिरून त्यांच्याच अंगावर आला. त्यांनी पॉलाचा फोटो ओरबाडला, तसा एक कोपरा भिंतीलाच चिकटून राहिला.

"कोरीन, इकडे ये," त्या म्हणाल्या. "ऐक, मी तुझ्या आईला..."

"तिला नका सांगू," पॉला मध्येच म्हणाली. "मला सांगा. तेव्हा जे सांगायचं होतं ते."

बाईंनी फोटो टेबलावर ठेवला. गुडघे कुरकुरत होते, तरी त्या उभ्याच राहिल्या.

"पॉला, हे काम कुणीही करू शकत नाही. मला आयुष्यात याहून चांगलं काही मिळालं नाही. तू चांगली मास्तरीण झाली असतीस. मी तुला घालवलं."

पॉलाने मान डोलावली. कोटाच्या बाहीने नाक पुसलं, फोटो उचलून खिशात कोंबला आणि लेकीकडे वळली. तिने त्या फुलाफुलांच्या चादरीचं टोक हातात धरलं.

"माझी चांगली चादर घेतलीस होय गं?" ती म्हणाली. "मधल्या कपाटातली जुनी घेत जा. आता रोजच लागणार असेल तर." आणि मग बाईंकडे न बघताच म्हणाली, "येते, मॅजिस्ट्रा."