गुरुवारची तीन पत्रं

"तारीख घ्या," अधीक्षक म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. "बारा मार्च."

थोरलीनं बारा मार्च लिहून घेतलं. बाहेर नोव्हेंबर चालू होता, पण सांगणाऱ्याला महिना विचारायचा नसतो, हे या वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवून झालं होतं. एकवीस पेन्सिली वह्यांवर वाकल्या आणि उंदीर कागद कुरतडत असल्यासारखा आवाज सुरू झाला.

"विषय. उपकरण क्रमांक चारच्या देखभालीबाबत पहिली लेखी समज. महोदय, आपणांस कळविण्यात येते की, सदर उपकरणाची तपासणी वेळेवर न केल्याचे निदर्शनास आले आहे. नावाची जागा मोकळी सोडा. ते नंतर बघू."

सचिवीय कामकाज व कार्यालय व्यवस्थापन असं भारदस्त नाव असलेला हा वर्षभराचा अभ्यासक्रम. वर्गात बहुतेक जणी एकोणीस-वीसच्या, दुसरीकडे कुठे प्रवेश न मिळाल्यानं आलेल्या. ही एकटीच तेहेतीस वर्षांची, लग्न मोडून माहेरी परतलेली. म्हणून मुलींनी तिला थोरली म्हणायला सुरुवात केली, ती अर्थातच टोमणा म्हणून. पुढे मिनिटाला एकशे दहा शब्दांवर तिचा हात गेला, तेव्हा टोमणा गळून पडला आणि नाव तेवढं राहिलं. मला पुन्हा शिकायचंय, असं ती घरी एकदाच म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी वडील कामावरून येताना या वर्गाचा अर्ज घेऊन आले. अठ्ठावीस वर्षं कारखान्याच्या बॉयलरवर काढलेला माणूस, त्यांचं स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ती लघुलेखनाचा अभ्यास करायला बसली की ते वहीत डोकावून म्हणायचे, "हे तर माझ्याहून वाईट आहे. याला गुण देतात?"

लघुलेखनाच्या बाई मागच्या बाकाशी उभ्या राहून सगळ्यांच्या हातांवर नजर ठेवून होत्या. त्यांचं एक वाक्य ठरलेलं. अर्थाकडे लक्ष गेलं की हात मागे पडतो. ऐका आणि लिहा, समजून घ्यायचा पगार वेगळा मिळत नाही.

अधीक्षक वडिलांच्याच कारखान्याच्या मुख्य कचेरीतले. दर गुरुवारी दोन तास यायचे. वर्षअखेरीला वर्गातल्या एकीला त्या कचेरीत जागा मिळायची, त्यामुळे त्यांच्या विनोदांना सगळ्या जरा जास्तच हसायचे. त्या दिवशी त्यांनी तीन पत्रं सांगितली. मार्चचं, जूनचं, ऑगस्टचं. भाषा प्रत्येक पत्रागणिक कडक होत गेली. तिसऱ्यात 'आपल्या हलगर्जीपणामुळे जीवितहानी झाल्यास सर्वस्वी आपण जबाबदार राहाल' असं होतं.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, तारखा मागच्या कशा?"

"जुन्या फायलीला वाळवी लागली. प्रती नव्यानं करतोय." अधीक्षक हसले. "तुमचा सराव, आमचं काम. एका दगडात दोन पक्षी."

त्यांनी कारखान्याचं नाव छापलेले खरे कागद आणले होते. संगणकावर पत्रं उतरवताना मुलींनी ते कागद जपून हाताळले. पत्राच्या शेवटी, डाव्या कोपऱ्यात, सांगणाऱ्याची आद्याक्षरं, तिरपी रेघ आणि टाईप करणाऱ्याची आद्याक्षरं. कचेरीचा हा रिवाज विसरला तर दोन गुण जायचे. थोरली विसरली नाही. अधीक्षकांनी सगळ्यांचे कागद चाळले आणि तिचे तेवढे तीन काढून घेतले.

"हे चालतील," ते म्हणाले.

घरी जाताना ती दोन थांबे आधीच उतरली आणि चालत गेली, इतका आनंद झाला होता. नऊ दिवसांपूर्वी बॉयलरची झडप उडून वडिलांचा जोडीदार वाफेनं भाजला होता, तो अजून दवाखान्यात होता, आणि घरात तेव्हापासून कुणी धड बोलत नव्हतं. आज सांगण्यासारखं काहीतरी होतं. घरातली वाफ आणि वर्गातलं उपकरण क्रमांक चार एकाच चुलीवरचं आहे, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. तिला शिकवलंच तसं होतं.

शनिवारी दुपारी ती वर्गावरून आली तेव्हा वडील घरी होते. कामाच्या दिवशी, दिवसाउजेडी, खुर्चीत. समोर मोठा खाकी लिफाफा.

"वाचून दाखव," ते म्हणाले. "चष्मा सापडत नाहीये."

चष्मा त्यांच्या खिशातच होता. तिनं कागद काढले. वर चौकशी होईपर्यंत कामावरून दूर ठेवल्याचा आदेश होता, त्याखाली तीन पत्रं. कागद हातात आला की आधी खालचा डावा कोपरा बघायची तिला सवय लागली होती. तो कोपरा तिनं बघितला आणि उरलेल्या दोन पत्रांचेही कोपरे उलटून बघितले.

"काय गं?" आई स्वयंपाकघराच्या दारात आली.

"ही पत्रं कधी आली, बाबा?"

"आज. सगळी एकदम. मार्चपासून मला समज देतायत म्हणे. मार्चपासून मीच त्यांच्या मागे लागलोय, झडप बदला, झडप बदला. तोंडी सांगत राहिलो, तिथंच चुकलो."

"ही मी टाईप केलीत."

आई पदराला हात पुसत जवळ आली.

"परवा गुरुवारी. वर्गात. सराव म्हणून सांगितलं त्यांनी. नाव नव्हतं त्यात."

आता नाव होतं. नंतर घातलेलं, ओळीपासून केसभर वर सरकलेलं. वडिलांनी खिशातून चष्मा काढून लावला. कागद डोळ्यांजवळ नेला, कोपऱ्यातल्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"ही तुझी?"

"हो."

"चांगलं बसवलंयस," ते म्हणाले. "समास अगदी सरळ आलाय."

तिला त्या क्षणी त्यांचा राग आला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," आई म्हणाली. "आणि दोर आपल्याच घरातून."

"मी जाऊन सांगते. माझ्या वहीत सगळं आहे."

"कुणाला सांगशील? ज्यांनी तुझ्याकडून लिहून घेतलं त्यांनाच?" वडिलांनी कागद लिफाफ्यात घातले. "परीक्षा पंधरा दिवसांवर आहे तुझी. गप बस."

सोमवारी लघुलेखनाच्या बाईंनी तिला बाजूला घेतलं. बुधवारी कारखान्यात एका कामगाराची चौकशी होती, जबाब लिहून घ्यायला कुणीतरी हवं होतं आणि अधीक्षकांनी तिलाच मागितलं होतं. "नशीब काढलंस," बाई म्हणाल्या. नाही म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण दुसरं कुणी तिथं बसण्यापेक्षा पेन्सिल आपल्या हातात असलेली बरी, असं तिला वाटलं.

घरी तिनं हे सांगितलं, तेव्हा वडील बोटांची नखं बघत ऐकत होते.

"ये," ते म्हणाले. "पण तिथं मी तुझा कोणी नाही. कागदोपत्री आडनाव सासरचं आहे तुझं. त्या लग्नाचा एवढा तरी उपयोग होऊ दे."

"आणि तुम्ही काय सांगणार?"

"जे सांगायचं ते सांगेन."

पत्रं मिळाल्याचं ते नाकारतील, असंच ती समजली. एकदा त्यांनी नाही म्हटलं की पुढे आपण वही उघडायची, हेही तिनं मनाशी ठरवून टाकलं.

बुधवारी अकराला अधीक्षकांनी तिला स्वतः खुर्ची दाखवली. लांब टेबल, त्यावर काच, काचेखाली गेल्या वर्षीचं कॅलेंडर. "पुढच्या महिन्यात जागा भरतोय," ते हळू आवाजात म्हणाले. "पत्रांवर तुमची आद्याक्षरं आहेत, म्हणजे तुम्ही आता आमच्याच झालात की." बोलणं प्रेमाचं होतं, पण तिनं खुर्ची जरा मागे घेतली.

चौकशी करायला बाहेरचे वकील आणले होते. सरळ माणूस वाटत होते, निदान कंटाळलेले तरी. वडील समोर येऊन बसले. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. नाव, वय, हुद्दा सांगून झालं. तिची पेन्सिल चालू होती. मग वकिलांनी तिन्ही पत्रं काचेवरून त्यांच्याकडे सरकवली.

"ही तुम्हाला त्या त्या तारखेला मिळाली होती का?"

"एक विचारू, साहेब? समजा, मी म्हटलं, नाही मिळाली. तर काय होतं?"

"तर ती मागाहून तयार केली, असा अर्थ होतो. मग मला पोलिसांत द्यावं लागेल. कुणी सांगितली, कुणी टाईप केली, सगळेच त्यात येतील."

"टाईप करणारासुद्धा?"

"त्याचीच तर अक्षरं आहेत खाली."

अधीक्षक काचेवर बोटांनी हलकेच ताल धरून होते. तो थांबला नाही. त्यांना या उत्तराची चिंता नव्हती, हे तिला तेव्हा कळलं. कामगार नाही म्हणाला तरी टाईप करणारी स्वतःच्या भीतीनं गप्प राहणार, यासाठीच कोपऱ्यातली ती दोन-तीन अक्षरं जपून ठेवलेली असतात; समोर बसलेला माणूस तिचा बाप आहे, हे तेवढं त्यांना ठाऊक नव्हतं.

वडिलांनी पत्रांकडे बघितलं. तिच्याकडे नाही.

"मिळाली होती," ते म्हणाले.

"तिन्ही?"

"तिन्ही. वेळच्या वेळी."

तिच्या हातानं ते लिहून टाकलं. एकशे दहाच्या वेगानं, एकही रेघ न चुकता. लिहून झाल्यावर अर्थ पोचला. म्हणजे झडप त्यांनी तपासली नाही. म्हणजे जोडीदार भाजला तो त्यांच्यामुळे. जोडीदाराची बायको रोज दवाखान्याच्या पायरीवर बसलेली असते आणि वडील रोज तिला थर्मासमधून चहा नेऊन देतात. उद्यापासून ती तो घेईल का? अठ्ठावीस वर्षांची चोख नोकरी मातीत घालून, सगळं खापर एका शब्दात डोक्यावर घेऊन हा माणूस समोर पाण्याचा पेला उचलत होता.

"मग पुढे विचारण्यासारखं राहत नाही," वकील म्हणाले. "जबाब टाईप करून आणा. सही झाली की संपलं."

शेजारच्या खोलीत तिनं दोन पानं टाईप केली. सवयीनं समास तपासला. छपाई होऊन कागद बाहेर येईपर्यंत ती यंत्रावर हात टेकून उभी राहिली. कागद गरम होते. परत आली तेव्हा अधीक्षकांसाठी चहा आला होता आणि वकील पिशवी आवरत होते. तिनं पानं वडिलांसमोर ठेवली.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "सही कुठं करायची, बाई?" त्यांनी विचारलं.

जन्मापासून त्यांनी तिला हजार नावांनी हाका मारल्या होत्या. ही हाक कधी मारली नव्हती. त्यांचा आवाज अगदी स्वच्छ होता, घरी सराव करून आल्यासारखा.

"सही करू नका, बाबा," ती म्हणाली.

अधीक्षकांचा ताल थांबला.

वडिलांनी मान वर केली नाही. "साहेब, मी यांना ओळखत नाही," ते म्हणाले आणि सहीची जागा स्वतःच शोधू लागले.

वकिलांनी हात पुढे करून ती दोन पानं आपल्याकडे ओढून घेतली. एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. पिशवी पुन्हा खाली ठेवली.

"तुम्ही ओळखता यांना?"

ती खुर्चीत बसली. वही पुढे घेतली. आधी तिनं प्रश्न लिहून घेतला, जसा विचारला तसा. मग त्याच्याखाली उत्तर लिहिलं, सावकाश, प्रत्येक शब्दाचा अर्थ लावत. आणि मग ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं: "हो, हे माझे वडील. ही तिन्ही पत्रं मी गेल्या गुरुवारी वर्गात टाईप केली."