चिखलात जायचा पास

पाहणीवाले आले तेव्हा ओहोटी होती. ओहोटीला आमच्या वस्तीत घरोघरी फक्त पुरुष सापडतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नव्हतं ते त्या दोन शिकल्यासवरल्या माणसांना. आम्ही बाराजणी तेव्हा खारफुटीच्या जंगलात चिखल तुडवत खेकडे पकडत होतो आणि इकडे आमचे नवरे दारात बसून आमच्याबद्दल माहिती देत होते.

आमच्या यांना विचारलं, बायको काय करते? हे म्हणाले, "काही नाही. घरीच असते."

एकवीस वर्षं मी त्या चिखलात जाते आहे. होडी विकून चार वर्षं झाली, तेव्हापासून घरची चूल माझ्या खेकड्यांवरच पेटते. पण बायको चिखलात उतरते हे चारचौघांत सांगायची लाज वाटते ना! जेवताना बरी लाज वाटत नाही.

तीन महिन्यांनी जंगलाला तारेचं कुंपण आलं. जंगल वाचवायचंय म्हणे. कुणापासून? अंडी धरलेली मादी हाताला लागली तर तिला पुन्हा बिळात सोडणाऱ्या बायकांपासून! पलीकडच्या काठावर बंगल्यांसाठी ज्यांनी ट्रकच्या ट्रक माती ओतून झाडं गाडली, त्यांच्या वाटेला कुणी गेलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? फाटकावर पहारेकरी बसला आणि पास असेल त्यालाच आत सोडायचं ठरलं.

मी ऑफिसात गेले. पासाचा साहेब पंख्याखाली बसून फायलींवर पेपरवेट ठेवत होता.

"होडीचा नंबर?"

"होडी नाही."

"जाळ्याचा परवाना?"

"जाळंही नाही. हातानं पकडते."

"मग मासेमार कशा तुम्ही?"

मी दोन्ही हात त्याच्या टेबलावर ठेवले. डाव्या अंगठ्याचं नख खेकड्यानं नेलंय, उजव्या तळव्यावर शिंपल्यांनी कापल्याचे इतके वण आहेत की मीही मोजलेले नाहीत. त्यानं हात पाहिलेच नाहीत. टेबल ओलं झालं का तेवढं पाहिलं. मग पाहणीच्या यादीवर बोट फिरवत म्हणाला, "अहो बाई, तुमच्या घराला पास दिलाय की. मिस्टरांच्या नावावर. व्यवसाय, खेकडे पकडणे. अनुभव, एकवीस वर्षं."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. माणसानं खोटं बोलावं, पण निदान आकडा तरी स्वतःचा सांगावा.

घरी येऊन विचारलं, "अहो, हे काय केलंत?"

"अगं, एका घराला एकच पास देत होते. माझ्या नावावर काय नि तुझ्या नावावर काय, घरातच राहिला ना?"

"मग उद्या तुम्हीच जा."

"जातो की! त्यात काय एवढं?"

सकाळी साडेनऊची ओहोटी होती. यांनी माझी टोपली घेतली, बिळातून खेकडा ओढायची आकडी घेतली आणि पास दाखवून ऐटीत आत गेले. आम्ही बाराजणी तारेच्या बाहेर उभ्या.

तिथे पाय मुळांवर टाकायचा असतो आणि चिखलात एका जागी थांबायचं नसतं. आमच्या यांचा जन्म होडीत बसण्यात गेलेला. वीसेक पावलांवर हे थांबले आणि बीळ कुठे दिसतं का म्हणून इकडेतिकडे बघायला लागले. गुडघ्यापर्यंत गेले. एक पाय उपसायला गेले तर दुसरा मांडीपर्यंत रुतला. बाकीच्या हसल्या, मीही हसले. मग हे कमरेपर्यंत गेले आणि त्यांचा चेहरा बघून माझं हसू थांबलं. भरती लागायला फार वेळ नव्हता.

पहारेकरी घाबरला. "मावशी, काहीतरी करा! जा तुम्ही आत, मी सोडतो!"

जीव माझाही खालीवर होत होता. पण राग त्याहून मोठा होता, खोटं कशाला बोलू? तारेला धरून मी ओरडले, "अहो, आपल्या घरात खेकडे कोण पकडतं?"

यांनी माझ्याकडे पाहिलं, पहारेकऱ्याकडे पाहिलं.

"तू! तूच पकडतेस! एकवीस वर्षं तूच!"

मग मी गेले. यांना मागे रेलायला लावलं, स्वतः आडवी झाले आणि हातांनी चिखल उपसून एकेक पाय मोकळा केला. अंघोळसुद्धा करू दिली नाही. तसेच ऑफिसात नेले. आणि खरं तेच सांगते, तिथे हे कचरले नाहीत. वस्तीतले सात-आठ पुरुष रांगेत होते, त्यांच्यासमोर म्हणाले, "साहेब, मी खोटी माहिती दिली. पास हिचा आहे."

साहेबानं खुर्ची मागे सरकवली, फरशीवरचा चिखल पाहिला. "दुरुस्तीची मुदत काल संपली. आता नवी यादी दोन वर्षांनी."

"काल मी इथेच उभी होते!" मी म्हटलं.

"काल तुम्ही चौकशी केलीत, बाई. अर्ज कुठे दिलात?"

दुसऱ्या दिवशी ओहोटी सव्वादहाची. बाराजणी टोपल्या घेऊन फाटकाशी गेलो. पहारेकरी उठला. "मावशी, पास?"

"पासवाले घरी आहेत," मी म्हटलं. "स्वयंपाक करतायत."

त्यानं काठी आडवी धरली, पण नजर खाली होती. मी काठी हातानं बाजूला केली आणि पहिल्या मुळावर पाय ठेवला. माझ्यामागून अकराजणी आल्या.