डब्यातल्या चार पट्ट्या

पाळी जाताना शिवणकाम करणाऱ्या आईची झोप उडाली, अंगाची लाहीलाही व्हायची. डॉक्टरांनी हार्मोनच्या पट्ट्या दिल्या. पोटावर पट्टी चिकटवताना ती हसली, "जन्मभर लोकांच्या कपड्यांना ठिगळं लावली, आता मलाच!"

दोन आठवड्यांनी, या पट्ट्यांनी कॅन्सर होतो असा एक लेख वाचून, मी डॉक्टरांना न विचारताच तिला घाबरवलं.

"तू एवढं वाचतेस, तुला कळतच असेल," म्हणत तिने पट्टी काढली. पुढची सहा वर्षं झोप गेली ती गेलीच.

त्याला आता वीस वर्षं उलटली; आई जाऊन महिना झाला. आज तिच्या बटणांच्या डब्यात उरलेल्या चार पट्ट्या सापडल्या.

"ते दोन आठवडे ती गाढ झोपली होती गं," मावशी म्हणाली.

मी डब्याचं झाकण लावलं. माझी पाळी जायला लागल्यापासून वर्षभर मीही तशीच पट्टी लावते आहे. आईला मात्र ते कधी सांगितलं नाही.