खड्ड्यापुढचा ड्रम

मी एक जुना ड्रम आहे. मित्रांनो, माणसांचे जीव वाचवण्यासाठीच माझा जन्म झाला. म्हणजे तसा डांबर भरण्यासाठी झाला. डांबर संपल्यावर मला जीव वाचवायला लावले.

महाराष्ट्र राज्य नवे होते आणि रस्ते अजून व्हायचे होते. संग्रामपूरच्या वाटेवर मोरी बांधायला अर्धा रस्ता खणला, आणि मग सिमेंटच येईना. जानराव मुकादमाने माझ्या अंगावर चुन्याचे पट्टे ओढून मला खड्ड्यापुढे उभे केले. बाजाराच्या दिवशी उरलेल्या अर्ध्या रस्त्यात बैलगाड्यांची रांग लागे. लोक मला शिव्या देत, पण खड्डा चुकवून जात. मला एवढे कौतुक पुरे होते.

मग पंजाबराव पाटलांच्या मुलीचे, कोकिळेचे, लग्न निघाले. आमच्याकडे लग्नघराने मागितलेल्या वस्तूला नाही म्हणत नाहीत. पाण्याला भांडी कमी पडली, तसे पंजाबराव गाडी जुंपून माझ्यापाशी आले.

"ड्रम नका नेऊ हो पाटील," जानराव काकुळतीला आला. "कोनी पडलं तं?"

"काऊन पडन बे? साऱ्या गावाले ठाऊक हाय तुहा खड्डा."

"वऱ्हाड बाहेरगावचं हाय ना पन!"

"त्याइलेच त पानी पाजाचं हाय! पोरीच्या लग्नात आडवा नको येऊ."

 माझ्या जागी जानरावाने बाभळीची फांदी टाकली. ती शेळ्यांनी खाल्ली.

लग्नाच्या दिवशी नेमका बाजार होता. मांडवात मला काठोकाठ भरले होते, तेव्हा दुरून ट्रकचा भोंगा ऐकू आला. वऱ्हाड गाड्यांच्या रांगेमागे अडकले होते, मुहूर्त टळत होता, आणि भोंगा थांबत नव्हता. मला हलता येईना. ओरडावे तर तोंडापर्यंत पाणी. शेवटी ड्रायव्हरला धुळीतून शेजारचा अर्धा रस्ता मोकळा दिसला. त्याने ट्रक तिकडे दामटला.

भोंगा थांबला.

नवरदेवाचे मामा उकंडराव जागीच गेले. लग्न मोडले. कोकिळेचा पायगुण वाईट ठरला. खड्ड्याचा पायगुण कुणी काढला नाही. हळदीच्या अंगाने ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"याले इथं आनलंच काऊन, बाबा?"



मित्रांनो, मला हात असते तर जोडून सांगितले असते: खड्ड्यापुढे उभी केलेली वस्तू कितीही कामाची वाटली, तरी तिथून उचलू नका.

माझ्यातले पाणी कुणी प्यायले नाही. त्याला डांबराचा वास येत होता.