अनंताच्या गळणाऱ्या कळ्या

अनंताला कळ्या येत होत्या, टपोऱ्या होत होत्या आणि उमलायच्या आधीच गळून पडत होत्या. एरवी मी कुंडीकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण दृष्टी गेल्यापासून खोलीत बसून राहिलेले माझे सासरे, आमचे आप्पा, फक्त या झाडासाठी गॅलरीत येत होते. झाड गेलं तर ते पुन्हा अंथरूण धरतील, ही मला धास्ती होती.

मी लिफ्ट दुरुस्त करते. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर चूक कुठे होती ते कळतच नाही. इथेही तेच केलं. आधी पाणी कमी केलं. पानं पिवळी पडायची थांबली, कळ्या मात्र गळतच राहिल्या. मग पानं उलटून कीड शोधली, तीही नव्हती. नवरा म्हणाला, "त्याची वायरिंग तपासलीस का?" त्याला उडवून लावलं, पण मला चैन पडेना. ऊन कुठल्या बाजूला लागतं ते बघायला कुंडीवर कठड्याच्या बाजूला खडूची रेघ मारली. संध्याकाळी बघते तर रेघ भिंतीकडे! कुंडी फिरत होती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून दाराआड उभी राहिले. आप्पा आले, खुर्चीत बसले आणि कुंडी हळूहळू फिरवत एकेक कळी बोटांनी चाचपू लागले. चेहरा इतका खुललेला, की मला बोलवेना. तरी बोलले.

"आप्पा, कळ्या यामुळेच गळतायत. अनंताला सारखं हलवलेलं, हाताळलेलं सोसत नाही."

चटका बसावा तसे त्यांनी हात मागे घेतले. "म्हणजे मीच..." ते उठून आत निघाले. मी त्यांचा हात धरला.

"थांबा. कुंडी फिरणार नाही, तुम्ही फिरायचं. कठडा धरून. हात लावायचा नाही, नुसता वास घ्यायचा."

"आणि पडलो तर?"

"मी एवढाल्या लिफ्ट हलवते, तुम्हाला नाही का उचलणार?"

ते हसले. बऱ्याच दिवसांनी.

एका सकाळी डबा भरताना हाक आली, "सूनबाई, उमललं!" मी धावले. समोरच्या सगळ्या कळ्या मिटलेल्या. त्यांना भास झाला असावा.

"आप्पा, अजून वेळ आहे."

"भिंतीच्या बाजूला बघ. हात नाही हं लावलेला."

मी वाकून पाहिलं. पानांआड एक पांढरंशुभ्र फूल पूर्ण उमललं होतं. पण तिकडे तर धरायला कठडाच नव्हता.

"तिथे कसे गेलात?"

"गेलो," आप्पा म्हणाले. "वास आला, म्हणून गेलो."