दाराची ओळ

योहान पाटोळेची कादंबरी शेवटाकडून सुरू झाली होती. आई गेली त्या वर्षी त्याला एक वाक्य सुचलं, आणि त्या वाक्यापर्यंत पोचायचं म्हणून तो वर्षानुवर्षं मागची पानं लिहीत बसला. वाक्य असं होतं : 'आईनं कधी दार वाजवून लावलं नाही, म्हणून ती गेली तेव्हाही कुणाला आवाज आला नाही.' बाकीच्या पानांबद्दल त्याची खात्री नव्हती. या एका वाक्याबद्दल मात्र होती, आणि भित्र्या माणसाला तेवढी खात्री पुष्कळ दिवस पुरते.

पानं लिहायची पहाटे. ती पहाट हाती राहावी म्हणून दिवसभर तुकड्यातुकड्यानं राबायचं. सकाळी शिरूरला बन्सीच्या फ्लेक्सच्या दुकानात मजकूर लिहून द्यायचा. दुपारी सणसवाडीला जाऊन कंपनीतल्या बिहारी पोरांना मराठी बोलायला शिकवायचं. अधूनमधून लग्नपत्रिकांची प्रुफं तपासायची, नाहीतर कुणाच्या दशक्रियेला माईकवर उभं राहून श्रद्धांजली वाहणाऱ्यांची नावं पुकारायची. नोकरी धरली असती तर घर नीट चाललं असतं, पण पहाट गेली असती. त्याची बायको दया बालवाडीत शिकवायची. ती म्हणायची, "आमचा माणूस चार ठिकाणी पाव पाव कामाला जातो. घरी यायला काही उरतच नाही." हसत म्हणायची, पण म्हणायची.

एका सकाळी मांडवगण फराट्याचे तात्याबा दुकानात आले. थकलेला शेतकरी, हातात बायकोचा फोटो. वच्छलाबाईंची दशक्रिया तोंडावर आली होती. बन्सीनं ठरलेला मजकूर स्क्रीनवर आणला : 'मायेचा सागर आटला.'

तात्याबांनी डोळे बारीक केले. "सागर म्या कवा बघितला न्हाई. तिनं बी न्हाई."

"मग मायेची सावली टाकू?" बन्सी म्हणाला.

"ती समद्यांच्याच फ्लेक्सवर असती, बाळा. हिचं हिला काय तरी द्या."

बन्सीनं योहानकडे पाहिलं. बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली होती आणि योहानला काही म्हणता काही सुचत नव्हतं. सरपण संपलं की माणूस हाताला येईल ती फळी चुलीत सारतो, तसं त्याच्या बोटांनी आपलं वाक्य टाईप केलं. 'आई'च्या जागी 'वच्छलाबाई' आलं, एवढाच फरक.

तात्याबा वाचत राहिले. मग म्हणाले, "व्हय. छापा."

योहाननं मनाची समजूत घातली. एक फ्लेक्स तो काय! चार दिवस लटकेल, मग कांद्याच्या ढिगावर झाकायला जाईल.

पण दशक्रियेला पंचक्रोशी लोटली होती आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाईल होता. महिन्याभरात गिऱ्हाइकं दुकानात येऊन "ती दाराची ओळ टाका" म्हणू लागली. वरवंडहून आली, दौंडहून आली. बन्सीनं फाईल ठेवलेलीच होती. नाव बदललं की काम झालं. ज्यांच्या आरडाओरड्यानं शेजारची वस्ती जागी व्हायची अशा एका आप्पांच्या फ्लेक्सवरही ती ओळ गेली. पुढं एका शर्यतीच्या बैलाची दशक्रिया निघाली, तेव्हा योहान चिडून म्हणाला, "अरे, बैलाला दार कुठलं?"

"मग गोठ्याचं टाकू की, सर," बन्सी म्हणाला.

अशात, ज्यांच्याकडे त्यानं कादंबरी पाठवली होती त्या पुण्याच्या प्रकाशकांकडून फोन आला. हस्तलिखित वाचणाऱ्या बाई होत्या. कादंबरी आवडली होती. योहान उभाच राहिला. "फक्त शेवटचं वाक्य बदला," बाई म्हणाल्या. "ते व्हॉट्सअॅपवर फिरतंय हो. माझ्या मावशीच्या निधनाच्या मेसेजमध्येसुद्धा होतं. लोक म्हणतील, उचललंय. दुसरं काहीतरी द्या, मग पुढं जाऊ."

'ते माझंच आहे' हे शब्द त्याच्या ओठापर्यंत आले आणि तिथंच बसले. कोण विश्वास ठेवणार? त्याचा स्वतःचाही डळमळायला लागला होता. त्यानं "बरं" म्हटलं.

दुसरं वाक्य येईना. पहाटे तो बसायचा आणि उठायचा. जी कामं पहाट राखायला धरली, त्यातल्याच एकानं पहाटेचं फळ खाल्लं होतं. तो दयाला म्हणाला, "बन्सीचं दुकान सोडतो."

"सोडा," दया म्हणाली. "पण ओळ बन्सीनं नाही नेली. तुम्ही दिलीत."

वर्षश्राद्धाच्या आधी तात्याबा पुन्हा आले, तेव्हा योहान दुकानातच होता. बन्सीनं जुनी फाईल उघडली. "तीच ओळ ना, मामा? ओरिजनल तुमचीच हाय."

"नगं. कुणाच्या बी दारात तीच लटकती. बैलाला सुदिक लावली म्हनं." ते योहानकडे वळले. "मास्तर, हिचं हिला द्या म्हनलं व्हतं न्हवं?"

योहाननं या खेपेला कीबोर्डला हात लावला नाही. स्टूल ओढून तो तात्याबांसमोर बसला. "मामा, तुम्हीच सांगा. कशा होत्या त्या?"

तात्याबा थोडे लाजले. "खरं सांगू? दार आपटायची ती. माझ्यावर रुसली का असं आपटायची, वरचा पत्रा हालायचा. तुम्ही लिवलेलं ग्वाड वाटलं, म्हून व्हय म्हनलं."

"आणि आता?"

"आता काय? दार वाजतच न्हाई."

योहानला आपल्या आईचं, बयाबाईचं दार आठवलं. मिशनच्या वसतिगृहात स्वयंपाक करणारी ती बाई दार हळू लावायची नाही, लावायचीच नाही. कडी मोडलेली होती. बाहेर पडताना ती दाराला एक वीट लावायची. वाजवून न लावणारी आई त्यानं कागदावर केली होती, आणि ती इतकी गोड झाली होती की कुणालाही चालली.

मग त्याच्या बोटांनी लिहिलं : 'वच्छलाबाई रुसल्या की दार आपटायच्या. आता घरात दार वाजत नाही.'

लिहून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, हे त्या जुन्या वाक्याहून चांगलं होतं. खोडावं, घरी न्यावं, बयाबाईला रुसवावं, की कादंबरी पुरी. बोट खोडायच्या बटणावर क्षणभर थांबलं. तात्याबा स्क्रीनकडे झुकून अक्षर अक्षर लावत होते. वाचता वाचता ते हसले, आणि उपरण्यानं नाक पुसलं.

"पोरी चिडतील का हो, मामा?" बन्सीनं विचारलं.

"चिडू दे. आईवर गेल्यात, आपटतील दारं."

"छाप," योहान बन्सीला म्हणाला. "आणि फाईल ठेवू नकोस."

"सर, चालंल की ही! दिवाळी करील."

"ठेवायची नाही म्हटलं ना!" योहानचा आवाज चढलेला बन्सीनं पहिल्यांदाच ऐकला. त्यानं मुकाट्यानं छापलं आणि योहानच्या समोर फाईल उडवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे योहाननं हस्तलिखिताचं शेवटचं पान काढलं. दाराच्या वाक्यावर काट मारली. त्याच्या आधी एक साधं वाक्य होतं, नुसतं पुढं सरकायला लिहिलेलं : 'आईनं दाराला वीट लावली आणि बादली घेऊन ती नळावर गेली.' त्यानं ते परत वाचलं. खाली काही लिहायला पेन टेकवलं, आणि उचललं.

दुपारी त्यानं पुण्याला फोन लावला.

"शेवटचं वाक्य काढा, बाई."

"आणि त्याच्या जागी?"

"काही नाही," योहान म्हणाला. "तिला नळावर जाऊ द्या." त्यानं फोन ठेवला, सणसवाडीची एसटी गाठायची होती.